सखूअक्काचा डावा हात

सखूअक्का कुणाच्या अंगणात आली की बसण्याआधी एखादा खडा उचलायची आणि तळहातावर उडवून बघायची. पसंत पडला तर पदराला बांधायची. माझं अर्धं अंगण तिने असं पळवलं. विचारलं तर म्हणायची, "गोल दगड सरळ जास. मानूसनं तसं नही." ती देवाघरी जाऊन आता वर्ष व्हायला आलं. अंगणात खडे साचलेत, आणि मला ते मुळीच आवडत नाहीत.

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात दादर ज्वारी पेरणारी ती एकटीच उरली होती. बाकी सगळे कपाशी-मक्याकडे वळलेले, त्यामुळे शिवारातली सारी पाखरं तिच्याच कणसांवर उतरायची. अक्का गोफण गरगरा फिरवायची, "हुर्र्या!" ओरडायची आणि दगड बरोबर थव्याच्या शेजारी पडायचा. थवा उठायचा. पाखरू मारणाऱ्याला मात्र ती शिव्या घालायची.

एका दिवाळीत तिला लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. धुळ्याला नोकरी करणारा तिचा मुलगा किशोर धावत आला.

"माय, ज्वारी दुकानमा भेटस. वावर बटाईनं दि टाकू. तू धुळाले चाल."

"एक हात गया. दुसरा काय पाहुना शे?" अक्का म्हणाली.

शेवटी ठरलं, हुरड्यापर्यंत थांबायचं. पाखरं आवरली नाहीत तर वावर बटाईने दुसऱ्याला कसायला आणि अक्का धुळ्याला.

ती माझ्या घरामागच्या कोरड्या नाल्यात डाव्या हाताने सराव करू लागली. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली असते, दुसरी नेमक्या क्षणी सोडायची. डाव्याला तो क्षणच सापडेना. एक दगड मागे येऊन माझा पाण्याचा माठ फुटला. मी तणतणत गेले, तर ती हातावरच चिडलेली.

"उजवाले काही सांगनं पडे नही. हाऊ डावा दरखेपले इचारस, सोडू का? तोवर उशीर व्हई जास."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, गावाने हसू नये म्हणून ती मुकाट्याने फेकत होती. मी म्हटलं, "अक्का, ओरड ना!" ती ओरडली. "र्या"बरोबर दोरी सुटली, दगड सरळ गेला.

"तोंड बंद ठेवं, तठेच चुकनू," ती म्हणाली. मग रोज सगळ्या गावाने तिची आरोळी ऐकली. हसणारे हसले.

हुरड्याच्या दिवसांत किशोर बॅग घेऊनच आला आणि बांधावर बसला. पोपटांचा थवा उतरला. अक्काने गोफण फिरवली, "हुर्र्या!" दगड कणसांत सळसळला आणि अख्खा थवा उडाला. मला तर नाचावंसं वाटलं.

किशोर म्हणाला, "माय, एकले बी लागना नही."

"लागाले कोन फेकत व्हतं?" अक्का त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "पाखरं उठी गयात. आते तू बी ऊठ. धुळानी गाडी चुकी जाई."