आनंदमधला ‘द’

माझी रशियन सून ओल्गा स्वयंपाकघरातून माझ्या मुलाला हाक मारते, “आनंत!” मला ते रोज खुपायचं. आनंदमधला ‘द’च गेला, तर उरलं काय? काल न राहवून तिला टोकलंच.

ती ओशाळली. ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने तिच्या लिपीत एक शब्द लिहून म्हणाली, “आई, हा पाव. लिहायचं ख्ल्येब, म्हणायचं ख्ल्येप. शब्दाच्या शेवटी आमच्या ‘ब’चा, ‘द’चा आवाज बसतो. पुढे स्वर आला की परत येतो. ख्ल्येबा!”

मी त्या पिठातल्या शेवटच्या अक्षराकडे बघत राहिले. ते कुठे गेलेलं नसतं, नुसतं एकटं पडलेलं असतं. हे गेले त्या वर्षी माझाही आवाज असाच बसला होता. वाक्य संपेपर्यंत टिकायचा नाही. मग आनंद शेजारी येऊन बसायचा.

“आनंदा म्हणून बघ,” मी तिला म्हटलं. ही हाक आजवर माझी एकटीची होती.

“आनंदा!”

‘द’ अगदी स्वच्छ वाजला. बाहेरून उत्तर आलं, “आलो गं, आई!”