मामाजींची आभारपत्रं

माझ्या सासऱ्यांइतका आभारी माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही. आणि इतक्या थोडक्यावर आभार मानणारा तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो. हे मामाजी कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात मिशनचे सुवार्तिक, म्हणजे येशूची शिकवण सांगत फिरणारे. जेवणाआधी ते हात जोडत आणि प्रार्थनेत आधी देवाचे आभार मानत, मग धान रोवणाऱ्या बायकांचे, गिरणीवाल्याचे, सरपण आणणारीचे, मिठाचे आणि शेवटी आलेल्या पाहुण्याचे. तोवर भात निवायचा. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्या घरात मी गरम भात खाल्लेला नाही.

रस्त्यात सायकल पंक्चर झाली तर ते दोन्ही चाकं एकदम गेली नाहीत म्हणून आभार मानत. मलेरिया झाला तेव्हा तो डोक्यात चढला नाही म्हणून मानले. एकदा मोहफुलांच्या दिवसांत वाघ आडवा गेला. घरी येऊन त्यांनी आधी वाघ दिसला म्हणून आभार मानले आणि मग वाघाला आपण दिसलो नाही म्हणून मानले. सासूबाई चुलीपुढून एवढंच म्हणाल्या, "वाघाचेही मानून टाका, तो काऊन राहिला?" मामाजींनी तेही केलं.

चिकाटी म्हणाल तर तीही अशीच. दर गुरुवारी खताच्या पिशवीत बायबल गुंडाळून ते आठ कोसांवरच्या एका गावात सुवार्ता सांगायला जात. एकतीस वर्षांत तिथं कोणी ऐकलं नाही. एक म्हातारा तेवढा पारावर येऊन बसायचा, तोही गाण्यांपुरता. वचन सुरू झालं की उठून जायचा. आमच्या गावची मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, अकरा घरांची होती, ती आजही अकराच घरांची आहे. दहा झाली नाहीत म्हणून मामाजी आभारी. मी मामाजींच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, मुलांची हजेरी घेण्यात जन्म गेला. मला या हिशेबाचा संताप यायचा आणि मी तो बायकोवर काढायचो.

आता मुद्द्याचं सांगतो. सुवार्तिकानं प्रार्थना चालवावी, आजाऱ्याला भेटावं, वेळ आली तर माती द्यावी. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर आणि प्याला द्यायचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकाचा. आमच्याकडे पाळक तीन महिन्यांतून एकदा यायचे. मामाजींना जन्मभर एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ही दीक्षा. पण मागणं म्हणजे देवावर शंका घेणं, असं त्यांचं ठाम मत. मिळालंच आहे असं समजून आधी आभार मानावेत. म्हणून दर जानेवारीत ते मिशनच्या मोठ्या कार्यालयाला सुरेख अक्षरात पत्र लिहीत, 'माझ्यासाठी आपण जे योजले आहे त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.' मग वर्षभर वाट बघत.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या किडन्या गेल्या. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्या बाईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, तेव्हा मात्र त्यांनी प्रभुभोजन मागितलं. मामाजींनी लगेच पत्र टाकलं, 'आमच्या घरच्या आजारपणात पाळकसाहेब येऊन जी सेवा करणार आहेत तिच्याबद्दल आभारी आहे.' मी म्हटलं, फोन करतो. ते म्हणाले, "आभार मानून झाले, जवाईबापू. आता पुना विचारलं त भरोसा नाई असं दिसते." आणि मीही केला नाही. खिशात फोन होता, नंबर होता, तरी केला नाही. म्हटलं, यांचा देव आणि हे बघून घेतील.

सासूबाई आठ दिवस फाटकाकडे बघत होत्या. प्याला कपाटात होता, द्राक्षरसाची बाटली होती, मामाजींचा हात पोचेल इतक्या अंतरावर. पण अधिकार नव्हता. नवव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. कबरेपाशी मामाजींनी चाळीस वर्षांच्या सोबतीबद्दल आभार मानायला सुरुवात केली, तेव्हा मी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मला ते ऐकवेना.

महिन्याभरानं मी त्या कार्यालयात भांडायला गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे मामाजींची फाईल माझ्यापुढे ठेवली. वीतभर जाड फाईल, आणि आत नुसते आभार. "सर, याच्यात मागनं कुठी हाये?" त्या म्हणाल्या. "आमाले वाटे, हे सुवार्तिक लय समाधानी हायेत. आन् हे शेवटचं पत्र वाचून वाटलं का कोणीतरी पाळक तुमच्याकडं जाऊनच राह्यले." मी फाईल मिटून परत केली. दोष काढायला माणूसच उरला नव्हता.

घरी येऊन मी मामाजींना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण रागात होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा पुसून सायकलला हवा भरायला गेले. पुढच्या जानेवारीत पत्र गेलं नाही.

यंदा भाताच्या कापणीच्या वेळी मंडळीतल्या रुथबाईंनी अंथरूण धरलं. त्या सासूबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. त्यांनीही तेच मागितलं. मामाजींनी माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं आणि लिहिलं, 'रुथबाई फार आजारी आहेत. उद्या पाळक पाठवा.' वर मायना नाही, खाली आभार नाहीत. मला म्हणाले, फोटो काढून कार्यालयाच्या फोनवर पाठवा. मी पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पाळक मोटारसायकलवरून आले. तरुण पोरगा, पायघोळ झगा पिशवीत घालून आणलेला. रुथबाईंना उठवून बसवलं, त्यांनी भाकर घेतली, प्याला ओठांना लावला आणि हसल्या. मामाजी दाराशी उभे राहून बघत होते. अर्ध्या तासात पोरगा परतही गेला.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. बायकोनं भात वाढला. मामाजींनी हात जोडले आणि तसेच बसून राहिले. भातातून वाफ निघत होती.

"एक ओळ लिहाची होती, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "तिच्यासाठी म्या एक ओळ लिहिली नाई."

माझ्या खिशात तर फोन होता. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. त्यांचे जोडलेले हात सुटत नव्हते आणि तोंडून आभारही निघत नव्हते. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, रोवणी करणाऱ्या बायकांपासून. गिरणीवाला झाला, सरपण झालं, मीठ झालं. शेवटी सासूबाईंचं नाव घेतलं, तेव्हा मामाजी आमेन म्हणाले. तोवर भात निवला होता. आम्ही तो तसाच खाल्ला.