गळ्यातली पोत

शुक्रवार, तिसरा तास, चित्रकला. हजर: सहावी ब ची एकतीस मुलं, मी आणि शीळफाट्याहून आलेल्या एक आजी.

आजींना मीच बोलावलं होतं, पण नकळत. खडबडीत वस्तूवर कागद ठेवून मेणखडू घासायचा आणि ठसा घ्यायचा, असा तो तास होता. म्हणून आदल्या दिवशी मुलांच्या वहीत लिहून दिलं, 'उद्या घरून पोत आणणे.' बाकीच्यांनी गोणपाट, किसणी, करवंटी आणली. एकीची आजी गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालून वर्गाच्या दारात उभी राहिली.

"म्हातारा हाय अजून, गल्यातली काढायची नाय, बाय. पन पोरगी रिकामी बसाया नको, म्हनून मीच आयले."

मी माझी चूक सांगितली: चित्रकलेत पोत म्हणजे वस्तूचा हाताला जाणवणारा खडबडीतपणा. त्या हसल्या. "मंग पोत कशाला लिवता? हाताला काय लागतं, ते इचारा ना!"

मग बाकावर बसून त्यांनी मान वाकवली आणि पोत बाकावर टेकवली. नातीने कागद ठेवून खडू घासला. मणी उमटलेले दिसताच बाकीच्यांनी रांग लावली. एकतीस कागद होईपर्यंत आजींनी मान वर केली नाही. एकदाच ओरडल्या, "हलू घास रं, भांडी नाय ती!"

तेव्हापासून वर्गात मी 'हाताला काय लागतं?' असंच विचारते.

त्या दिवशी आजी गेल्यावर नात म्हणाली, "बाई, आजीला पण एक कागद हवा होता. आजोबा झोपूनच असतात ना, त्यांना दाखवायला."

मी हजेरीप्रमाणे एकतीसच कागद कापले होते. बत्तिसावा ठसा अजून घ्यायचा आहे.