थोरली, धाकटी आणि चार प्रती

आधी चहा पिऊन घ्या. कप खाली ठेवलात की मगच सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि समोर शर्ट माझा होता.

तर गाढवपणा माझा आहे. शंभर टक्के माझा, त्यात कुणाला वाटा देत नाही. पण तो कळायला आधी माझा ऑर्गन कळला पाहिजे.

ऑर्गन म्हणजे पेटी नव्हे हो! भाता नाही, काही नाही. विजेवर चालणारा, जपानी, कपाटाएवढा, चाळीसेक वर्षांचा. महूच्या एका जुन्या क्लबाने अडगळीत टाकला होता. तो मी टेम्पोत घालून देवासला आणला. मी विजेच्या खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. मुका ऑर्गन बघवतो का मला? तीन महिन्यांत बोलता केला!

पण बोलायचा काय, तर परदेशी. आतले ताल सगळे वॉल्ट्झ, रुंबा आणि फॉक्सट्रॉट. एका चतुर्थीला मी त्याच्यावर आरती धरली. दुसऱ्या कडव्याला आमच्या हिने टाळ खाली ठेवले आणि म्हणाली, "अहो, बाप्पा बसलेत ते बसू द्या. त्यांना नाचवू नका."

लागलं ते मला. मग मी अडुसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकलो! या जुन्या ऑर्गनसाठी एक सॉफ्टवेअर मिळतं. पडद्यावर नुसत्या चौकटी. 'धा' इथे, 'तिं' तिथे, असे ठिपके भरत जायचं. झाला केहरवा. त्याला नंबर द्यायचा, नाव द्यायचं, आणि वायरीतून ऑर्गनच्या पोटात सोडून द्यायचा. आवाजांचंही तसंच. बासरी हवी बासरी, सारंगी हवी सारंगी. झपताल वाजवणारा जपानी ऑर्गन अख्ख्या माळव्यात दुसरा दाखवा. मी मिशा ठेवत नाही, नाहीतर त्या दिवसांत पीळ भरला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. या ऑर्गनला कीबोर्ड दोन, एक वर आणि एक खाली. सॉफ्टवेअरला दोघांची नावं लागतात. मी पडलो देवासकर. आमच्या गावात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण राजे दोन, कचेऱ्या दोन. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. मग मी वरच्या कीबोर्डला काय नाव देणार? थोरली! आणि खालच्याला धाकटी. दोन्हींवर तशा चिठ्ठ्याही चिकटवल्या. आपल्या इतिहासाची मला कोण ऐट!

या सगळ्या ऐटीत एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. माझ्या घरात सुनाही दोनच आहेत.

थोरली मेधा, इंदूरची. शाळेत शिकवते, वरच्या मजल्यावर राहते. आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर टेकडीवरचा पुजारी "काय?" म्हणून विचारेल. धाकटी रुची, हाटपिपल्याची, माहेरी हिंदी-माळवी. खालच्या मजल्यावर राहते, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, आणि नऊच्या आत उठली तर सूर्याला चुकल्यासारखं होतं. मराठी गोड बोलते, वाचताना मात्र अडकते. पण गळे! दोघींचे गळे असे की एकदा ऐकलेत तर जेवण विसराल.

धारच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. तिथला सेक्रेटरी वसंता माझा शाळूसोबती. ठरलं असं की माझ्या सुना गातील आणि मी ऑर्गनवर साथ करीन. धारकरांचं एक लाडकं टुमणं आहे: "देवासला सगळं दोन-दोन, पण धड एकही नाही." त्यांचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. दोन सुना, दोन कीबोर्ड, आणि सगळं धड!

तयारीसाठी मी सॉफ्टवेअरमध्येच शेरे लिहून ठेवत होतो. म्हटलं, छापून खिशात ठेवावं. प्रिंटर मेधाच्या खोलीत, वर. मी खालून बटण दाबलं. काही आवाज नाही. परत दाबलं. नाही. चार वेळा दाबलं आणि कंटाळून पोहे खायला चौकात गेलो.

प्रिंटरमध्ये कागद संपला होता, एवढंच. दुपारी मेधाने वह्या तपासून झाल्यावर कागद भरला, आणि माझ्या शेऱ्यांच्या चार स्वच्छ प्रती तिच्या मांडीवर येऊन पडल्या.

काय होतं त्यात? आता तोंडपाठ झालंय मला.

"थोरली : आवाज फार मोठा. निम्म्यावर आणणे. पावसाळ्यात खरखर वाढते. धाकटी : सकाळी सुरू व्हायला फार वेळ लावते. तीन ठिकाणी अडकते. जुने सगळे पुसून नवे भरणे. दोघी एकदम चालू झाल्या की ताल सुटतो. धारचा कार्यक्रम होईपर्यंत सांभाळून घेणे. फारच त्रास दिला तर जिथून आणल्या तिथे परत पाठवणे. पण आता परत घेणार कोण?"

हसता काय? मला यातलं काहीच माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. रुची! अंघोळ करून, केस बांधून उभी. "बाबा, चाय बन गई है. गरम आहे तोवर घ्या." मी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू होतं.

थोडा वेळ गेला आणि मेधा खाली आली. माझ्यासमोर उभी राहून ओठ हलवायला लागली.

"काय गं, घसा बसला का?"

"नाही बाबा," ती कुजबुजली. "निम्म्यावर आणलाय."

मला वाटलं, गाण्यासाठी गळा जपते आहे. केवढी समजूतदार पोर!

आठ दिवस हे असं चाललं. घरात भांड्याचा आवाज नाही. रुची संध्याकाळी मराठी वर्तमानपत्र घेऊन बसते, एकेका अक्षरावर बोट ठेवते. तालमीला दोघी एकदम येत नाहीत. एक गाऊन गेली की दुसरी येते. "का गं?" विचारलं तर मेधा म्हणते, "एकदम चालू झालो की ताल सुटतो ना." मी म्हटलं, वा! काय ही शिस्त! आणि शहाण्या माणसाला जिथे शंका आली असती तिथे मला अभिमान आला. मी ठरवूनच टाकलं की हा माझ्या ऑर्गनच्या सुरांचा परिणाम.

वसंताला फोन लावला. "वसंता, माझ्या ऑर्गनने घर सुरात आणलं रे! थोरली हळू बोलते, धाकटी पहाटे उठते."

"क्यों फेंक रिया हे, अण्णा भिया!" वसंता म्हणाला. "बाजा आहे का बाबाजी?"

नवव्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. मेधाचे वडील, आमचे इंदूरचे व्याही! कडक इस्त्री, हातात रिकामी मोठी बॅग, चेहरा पडलेला. अतिशय सज्जन माणूस. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि म्हणाले, "अण्णासाहेब, परत घेणार कोण असं आपण लिहिलंत. मी घ्यायला आलोय."

माझ्या डोक्यात रात्रंदिवस ऑर्गन. मला वाटलं, यांना ऑर्गन हवा आहे! वसंता इंदुरातही बोललेला दिसतो.

"छे छे!" मी म्हणालो. "आता कशाला देऊ? त्रास होता तो पूर्वी. आता थोरली काय, धाकटी काय, इतकी सुधारली आहे म्हणता!"

"सुधारली?"

"थोरलीचा तर आवाजच निम्म्यावर आणला मी. थोडा कान पिळावा लागला, एवढंच."

व्याह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "कान पिळलात?"

"पिळल्याशिवाय सूर कुठला लागायला? आणि रोज न चुकता दोन तास वाजवतो. आधी थोरलीला, मग धाकटीला. कधी दोन्ही हातांनी दोघींना एकदम!"

"वाजवता? आणि वहिनी काही म्हणत नाहीत?"

"ती तर शेजारी बसून कौतुकाने ऐकते!"

व्याही उभे राहिले. "अण्णासाहेब, आम्ही तुम्हाला सुसंस्कृत घर समजलो होतो. मेधा! बॅग भर!"

जिन्यावरून मेधा उतरली. तिची बॅग भरलेलीच होती. मागे रुची, डोळे लाल. तिच्या हातात तो कागद, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा केलेला. दोन बॅगा आणि दोन रडवेल्या मुली बघून मला ऑर्गन, धार, वसंता, सगळं विसरायला झालं.

"बाबा, मी नाही जात कुठे," रुची म्हणाली. "पण एवढं तो बता दो, जुने सगळे पुसून म्हणजे काय? मेरी मम्मी के यहाँ का सब भूल जाऊँ?"

"आणि विचारलं का नाहीत मला?" तिच्या हातातला कागद घेऊन वाचला आणि मी ओरडलो.

"विचारायचं काय?" मेधा कुजबुजली. "लेखी होतं. चार प्रतींत."

धावत गेलो आणि ऑर्गनवरची चादर ओढली. माझ्याच अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या! वर थोरली, खाली धाकटी. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, वाकून वाचलं. मी थोरलीवर बोट ठेवलं, ती खरखरली. धाकटीच्या तीन पट्ट्या दाबल्या, तिन्ही अडकल्या. आणि पुसायचे होते ते आतले जुने रुंबा!

मग मेधा हसली. आठ दिवसांचा साठलेला आवाज एकदम बाहेर आला! खिडकीच्या काचा वाजल्या. टेकडीवरच्या दोन्ही मातांनी ऐकलं असणार. खरं सांगतो, त्या आवाजाइतकं गोड मला त्या ऑर्गनमधून कधी काही ऐकू आलेलं नाही.

"मतलब," रुची कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मैं आठ दिन पाँच बजे उठी, वो इस बाजे के लिए?"

व्याह्यांनी माझा हात हातात घेतला. "क्षमा करा. मी आपल्याला नको ते समजलो." मी म्हटलं, समजायला मीच लावलं, आता जेवूनच जा.

मग मी हिच्याकडे वळलो. तिच्या देवपूजेच्या पोथीतून तिसरी प्रत डोकावत होती. "तुलाही माहीत होतं? आणि तू गप्प?"

"मला वाटलं," ही शांतपणे म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही घरात लक्ष घातलंत. म्हटलं, कशाला मोडता घाला."

चौथी प्रत कुठे गेली असं मी विचारणार होतो. व्याह्यांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"बाबा," त्या संध्याकाळी रुची म्हणाली, "सॉफ्टवेअरमध्ये नावं मी बदलून देते. परत कन्फ्यूजन नको." मी खूश! धाकटी सून सॉफ्टवेअर शिकते म्हणाल्यावर कोणता सासरा खूश होणार नाही? अर्ध्या तासात मी सगळं शिकवलं, आणि तिने पाच मिनिटांत मला त्यातलं निम्मं पुन्हा शिकवलं.

धारचा कार्यक्रम! काय सांगू, सभागृह भरलेलं. वसंताने हौसेने माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला होता, म्हणजे कॉम्प्युटर ऑर्गनला कसं चालवतो ते लोकांना दिसावं. माझ्या पोरी गायल्या. हो, पोरीच म्हणतो. मेधा पूर्ण आवाजात, रुची तिच्यावर अलगद चढत जाणारी, खाली माझा झपताल. ताल सुटला नाही, कुणी अडकलं नाही. शेवटच्या तानेला माझे डोळे भरून आले आणि समोरच्या पट्ट्या दिसेनात. धारकर उभे राहिले. दोन-दोन आणि दोन्ही धड!

तिथेच थांबलो असतो तर हा किस्सा झालाच नसता. पण मला चढली होती ना! मी माइक ओढला. "मंडळी, या यंत्रात मी स्वतः शंभर ताल भरले आहेत. प्रत्येकाचं नाव या पडद्यावर दिसतं. कोणताही नंबर सांगा!"

"बाबा," रुची मागून गोड आवाजात म्हणाली, "अठ्ठावीस दाबा ना."

दाबला. एकच ठोका सुरू झाला, धप, धप, धप, आणि पडद्यावर हातभर उंचीची अक्षरं आली. वसंताने ती माइकवर, एकेक शब्द सावकाश चाखत वाचली:

"बाबा : आवाज फार मोठा. ताल एकच. सुरू लगेच होतात, थांबवायचं बटण सापडत नाही. परत घेणार कोण?"

मजकूर थोरलीचा, टायपिंग धाकटीचं. दोघी एकदम चालू झाल्या होत्या, आणि ताल जरासुद्धा सुटला नव्हता!

सभागृह नुसतं लोळत होतं. पहिल्या रांगेत व्याही रुमालाने डोळे पुसत होते. वसंताने माइक आमच्या हिच्यासमोर धरला. "वहिनी, बोला. परत घेणार कोण?"

"मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी विचारलं होतं, भाऊजी," ही म्हणाली. "ते म्हणाले, ज्याचं त्याने ठेवावं."

आणि मी? धप, धप, धप चालूच होतं. मी बटण शोधत होतो.