उशिरा बोलणारा टॅब

परशुराम घागांनी आयुष्यात कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही. डोंबिवली पश्चिमेला त्यांच्या सोसायटीच्या गेटाशी एक सिमेंटचं बाक आहे, तिथे संध्याकाळी घाग येऊन बसले की मगच गप्पांना तोंड फुटायचं. कुणी विचारलं, "घाग, गुडघे काय म्हणतायत?" की समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. "काही म्हणत नाहीत. आमचं बोलणं बंद आहे." हसणारे हसायचे आणि घाग मात्र चेहरा गंभीर ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

मग घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. दुसरा कुणी असता तर खचला असता. पण घागांचा जन्म एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेलेला. मुलाने, जयेशने, लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. मराठीत टाइप करायचं, बटण दाबायचं, की लॅपटॉप बोलायचा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण टोला वेळेवर बसायचा. मांडीवर लॅपटॉप घेऊन घाग पुन्हा बाकावर बसू लागले.

यंदा तो लॅपटॉप गेला. जयेशने ठाण्याहून नवाकोरा टॅब आणला. पातळ, चकचकीत, महागातला. त्याची सिस्टिम वेगळी, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. मग दुसरं घेतलं. यातला आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा गोड होता. खोट एकच होती. टाइप करून बटण दाबलं की पडद्यावर एक गोल फिरू लागायचा, आणि तो आपल्या मर्जीने थांबला की मग बाई बोलायच्या.

थट्टेला उशीर चालत नाही. वरातीमागून घोडं आलं तर त्यावर कोण बसणार? एकदा बाकावरच्या रघुनाथांनी सांगितलं, योगासनं सुरू केली आहेत. घागांनी लगेच टाइप केलं. गोल फिरत राहिला. तेवढ्यात कुणीतरी ए विंगमधले म्हातारे मास्तर आत्ताच गेल्याची बातमी आणली. सगळे हळहळले, गप्प झाले, आणि त्या शांततेत बाई गोड आवाजात म्हणाल्या, "शवासन तुम्हाला छान जमेल."

रघुनाथांनी समजून घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं. ते समजून घेणंच घागांना लागलं. त्या दिवसापासून ते खाली गेले नाहीत. जयेशला मेसेजवर मेसेज केले. जयेशचा फोन आला, "बाबा, जुनं यावर येतच नाही. हे आवाज नेटवरून आणतं, म्हणून लेट होतंय. मी शोधतोय ना दुसरं काहीतरी." घागांनी टॅब सोफ्यावर आपटला. त्यांना राग आला होता आणि रागाच्या तळाशी भीती होती. आवाज गेला तेव्हा निदान घाग शिल्लक राहिले होते. आता तेही चालले, असं त्यांना वाटू लागलं.

एका शनिवारी दुपारी शेजारची शालू कळशी घेऊन आली. नवीन लग्न झालेली, महिन्यापूर्वीच बिल्डिंगमध्ये राहायला आलेली मुलगी. त्यांच्या बाजूला पाणी आलं नव्हतं.

"भर की," घागांच्या बायको मंजुळाबाई म्हणाल्या. "पाण्याचं मला नको सांगूस. लग्न होऊन दिवा स्टेशनजवळच्या चाळीत आलेले ना मी, तेव्हा तर..."

ही गोष्ट घागांची हक्काची होती. दर पाहुण्यापुढे मंजुळाबाई ती सुरू करायच्या आणि घाग शेवट करायचे: "पाण्याला गेली आणि हंड्याऐवजी मैत्रीण भरून आणली!" त्यावर हशा. इतक्या वर्षांत यात बदल झाला नव्हता. घागांची बोटं चालली. बटण दाबलं. गोल फिरू लागला.

मंजुळाबाई सवयीने थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं. टॅब गप्प.

"मग काय झालं काकू?" शालूने विचारलं.

"मग..." मंजुळाबाई जरा अडखळल्या. यापुढे गोष्ट त्यांनी कधी सांगितलीच नव्हती. "नळावर बायकांनी रांगेतून बाहेर काढलं मला. म्हणाल्या, नवीन आहेस, शेवटी उभी राहा. शेवटी उभी राहिले तर पाणीच गेलं. रडू आलं गं. म्हटलं, हे असं जगायचं का? एक खोली, पाणी नाही, ओळखीचं माणूस नाही. हंडा तिथंच ठेवला आणि स्टेशनकडे निघाले. गावी जायचं, परत यायचंच नाही, असं ठरवून."

शालूची कळशी भरून वाहत होती. तिने नळ बंद केला.

"वाटेत सगुणा भेटली. तिथलीच, आगऱ्यांची. काही विचारलं नाही तिने. हाताला धरून घरी नेलं, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. म्हणाली, चार दिस रव, मंग जा. अंधार पडल्यावर घरी सोडायला आली. हंडासुद्धा तिनेच शोधून आणलेला."

गोल थांबला. बातम्यांच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पाण्याला गेली आणि हंड्याऐवजी मैत्रीण भरून आणली."

कुणी हसलं नाही.

"हो," मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या. "दारात आम्हाला बघून हेच म्हणालेले हे. चाळीतले सगळे हसले. मग मीपण हसले."

शालू कळशी उचलून गेली. घाग टॅबकडे बघत बसले. त्या रात्री त्या विनोदावर आपण किती खूश होतो, हे त्यांना लख्ख आठवत होतं. बायकोचे डोळे कसे होते, ते आठवत नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी काहीतरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि बटण दाबलं.

ते काहीतरी म्हणणार आहेत हे पाहून मंजुळाबाई ओले हात पुसत समोर येऊन बसल्या. गोल फिरत होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"कुठल्या गाडीने जाणार होतीस?" टॅबमधल्या बाईंनी विचारलं.

मंजुळाबाईंनी मान वर केली. हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

"संध्याकाळच्या पनवेलच्या," त्या म्हणाल्या. "तिथून चिपळूणची एसटी. सगुणाच्या ओटीवरून दिसली मला ती गाडी जाताना. हातात भाकरी होती, आणि मला वाटत होतं..."

त्या थांबल्या आणि नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. घागांनी टॅब बंद करून बाजूला ठेवला होता.