कुसुमचा मोदक वाळतोय

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिची भाची वैशाली म्हणाली, “नलूमावशी, मावशी गेली गं… सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आधीच.” गिरगावातून लालबागला टॅक्सीने जाताना मला रडू आलं नाही. राग आला. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या, आणि ही न सांगता उठून गेली! खरा राग मात्र दिवसकार्याला यायचा होता. पानं वाढली होती, एवढ्यात कुसुमचा फोन टुणकन वाजला. वैशालीने बघितलं आणि तो माझ्या हातात दिला. पडद्यावर डोळे पुसणारा उंदीर होता आणि खाली लिहिलं होतं, “कुसुम, तू कुठे हरवलीस? तुझा मोदक वाळतोय!”

हे कोणाचं कर्तृत्व, ते मला ठाऊक होतं.

कुसुम म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे खेळायची. वर्गात खडूने ठिकरीपाण्याची घरं आखायची, घराघरात अक्षरं लिहायची आणि पोरांना लंगडी घालायला लावायची. तिचा नियम एकच. चुकलेल्याला बाहेर बसवायचं नाही. “अगो नले, जो चुकला त्यालाच खेळायची जास्त गरज ना? बाहेर बसून तो काय शिकणार, माश्या मारायला?” हे मला कळायला जन्म गेला. आम्ही शाळेत होतो तेव्हा मी गुणांची हावरट. बाई शाबासकी म्हणून पुठ्ठ्याच्या चांदण्या द्यायच्या, त्या मी खळीने कंपासपेटीला चिकटवायचे आणि पेटी मुद्दाम उघडी ठेवून बसायचे. देशोदेशीच्या राजधान्या घडाघडा म्हणायचे, पण नकाशावर मुंबई दाखव म्हटलं की बोट अरबी समुद्रात. कुसुमला चांदण्या कमीच मिळायच्या, कारण ती उत्तर देण्याऐवजी बाईंनाच प्रश्न विचारायची. मी मनात म्हणायचे, बिचारी! काय ती माझी ऐट… तेव्हाची मी आज समोर आले असते तर माझीच वेणी ओढली असती.

निवृत्तीनंतर तिने मोडी लिपी शिकवायला घेतली, आणि एका कंपनीने तिचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. तिथेही तिने घरंच आखली. एक ओळ मोठ्याने वाचून पाठवायची, जमली की पुढचं घर. नाही जमली तर कुसुमचा आवाज यायचा, तुमच्या एकट्यासाठी. “तुम्ही रेघेखाली लोंबणारं पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देताय. मोडीत शब्द सुटे नसतात, घाई करू नका. आता फक्त हेच अक्षर शोधायचा खेळ पाठवते.” वरळीच्या बीडीडी चाळीतले कांबळे, बसखात्यातून निवृत्त झालेले, एकाच घरात महिनोन् महिने अडकले. पण वर्गातून हलले नाहीत. त्यांना त्या आवाजाची गोडी लागली होती.

मग कंपनीचे साहेब, चिरंजीव अद्वैत, यांना साक्षात्कार झाला. “मॅम, एकेकाला आवाज पाठवणं स्केल होत नाही, हजारोंना कसं पुरणार?” आवाज बंद. त्या जागी आपोआप टाळ्या, उंदीर, मोदक, आणि सगळ्यांना दिसेल अशी नंबरांची पाटी. कांबळे पाटीच्या तळाला गेले आणि शरमेने वर्ग सोडून गेले. वर्गावरचं कुसुमचं नावही गेलं. ती स्वतःच्याच वर्गात पैसे भरून विद्यार्थिनी म्हणून बसली. म्हणायची, “बघते ना, माझ्या पोरांचं काय चाललंय ते.” शेवटी शेवटी बघतानासुद्धा गप्प असायची. ते गप्प बसणं मी त्या चिरंजीवांना माफ करणार नव्हते.

दिवसकार्याहून घरी आले आणि त्या वर्गात नाव घातलं. माझ्या भजनी मंडळातल्या बायकांनाही घालायला लावलं. ॲप उघडलं की मोदक. दुसऱ्याला ‘छान’ म्हटलं की मोदक. उत्तर चुकलं तर दुसरं दाबा, तेही चुकलं तर तिसरं, मोदक ठरलेला! आम्ही भजनाच्या मधल्या वेळात दाबत बसायचो. कंपासपेटीवाली नलू अंगात आली होती. बघता बघता मी पहिली, आमच्या मंडळातली मंदाकिनी दुसरी.

चिरंजीवांनी आमचा ऑनलाइन सत्कार ठेवला. कंपनीत पैसे घालणारी मोठी माणसं बघायला बसली होती. “आजी, तुमच्या या प्रवासाबद्दल दोन शब्द?”

“शब्द कशाला? एक ओळ दाखव, वाचते.”

तो खूश झाला. पडद्यावर ओळ आली. मी चष्मा पुसला, पुढे वाकले, मागे झाले. “बाळा, हे उलटं तर नाही ना धरलंस? मला यातलं एक अक्षर येत नाही.”

तो घाईघाईने दुसऱ्या नंबराकडे वळला. मंदाकिनी म्हणाली, “मला वाटलं, हे मोदक गोळा करायचंच आहे. वाचायचं पण असतं का?”

मोठ्या माणसांतलं कोणीतरी खळखळून हसलं आणि मग एकेक चौकोन काळा होत गेला. इतकं सुख मला नातवंडांच्या बारशालाही झालं नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन. “आजी, तुम्ही मुद्दाम केलंत?”

“हो.”

“पण का?”

“मेलेल्या बाईला मोदक वाळतोय म्हणालास.”

“ते मी नाही हो, सिस्टमने पाठवलं.”

“मग माझंही सिस्टमनेच केलं असेल.” आणि मग जे हवं होतं ते मागितलं. “तिचे आवाज परत दे. सगळे.”

तो म्हणाला, “ते… काढून टाकले, आजी. जागा खूप खात होते.”

सूड पुरा झाला होता आणि हातात काही नव्हतं. वैशालीकडून नंबर घेऊन मी कांबळ्यांना फोन लावला. नुसतं सांगायला. ते ऐकून घेत होते, मग हळूच म्हणाले, “ताई, माझे मी माझ्या फोनमध्ये ठेवलेत. चुका जास्त, म्हणून आवाजपण जास्त.”

ते आता माझ्याकडे आहेत. रोज दुपारी वही घेऊन बसते, आधी आडवी रेघ ओढते, मग तिच्याखाली अक्षरं टांगते. कांबळ्यांच्या चुका माझ्याही चुका निघाल्या. एका आवाजात सांगता सांगता मागे कुकरची शिट्टी होते. “थांबा हां, गॅस बंद करून येते,” म्हणून कुसुम उठते. सपातांचा आवाज लांब जातो, झाकण आदळतं, खालून लालबागची रहदारी ऐकू येते… तेवढा भाग कांबळ्यांनी कापलेला नाही, मीही पुढे ढकलत नाही. थांबते. ती परत येते, बसते, विचारते, “हां, कुठवर आलो आपण?”

मी ओळीवर बोट ठेवून बसलेली असते. पहिल्या नंबरवाली. अजून मला सांगता येत नाही.