बटणाची काच

संस्थान विलीन झालं तशी सरदारसाहेबांची सरदारकी गेली, मिजास तेवढी राहिली. ड्रायव्हर सरकारी बसवर लागला, तेव्हा साहेब स्वतःच विलायती गाडी हाकत नई सडकेवरच्या माझ्या गॅरेजात येऊ लागले. गाडीची बटणावर चालणारी काच बिघडली होती. तिची मोटर ग्वाल्हेरात कुठे मिळणार? मी दारात हातानं फिरवायचं हँडल बसवलं.

“हँडल आम्ही फिरवायचं, मिस्त्री?” साहेब कडाडले. स्टिअरिंग फिरवणं त्यांच्या लेखी शौक होता, हँडल फिरवणं चाकरी.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, बंद काचेआड घामानं निथळत ते गॅरेजसमोर हॉर्न वाजवत बसले. काच उतरवायला माणूस हवा होता. शेवटी मीच गाडीचं दार उघडलं आणि कमरेत वाकून हँडल फिरवलं. साहेबांना तो मुजरा वाटला. हात किंचित उचलून त्यांनी तो स्वीकारला.